देवरावभाऊ, आपलं भांडण मिटलं नाही

देवरावभाऊ, तुमच्या तेरवीला आले होते. तुम्ही असता तर विचारलं असतं, 'सिस्टर, ड्युटी टाकून कावून आल्या?' म्हणून आधीच सांगते, सुट्टी घेतली होती. मांडवात कांतावहिनींजवळ बसले. पलीकडे अमरावतीच्या भाजीबाजारातले तुमचे जुने लोक होते, अडते, हमाल, भाजीवाले. त्यांच्यातल्या एकानं तुमची नक्कल केली. तुम्ही मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, कसा बोलायचे, वांग्याच्या क्रेटवर एक पाय ठेवून भाव कसा चढवायचे, आणि तुमचा आवाज पार रस्त्याच्या पलीकडच्या चहावाल्यापर्यंत कसा जायचा, ते त्यानं उभं राहून करून दाखवलं. लोक हसले. मग तो नक्कल करता करताच रडायला लागला.

मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. मला माहीत असलेला तुमचा आवाज ऑपरेशननंतरचा. तंबाखूच्या खर्ऱ्यानं खाल्लेला अर्धा जबडा काढून टाकल्यावर, छातीवरचं मांस वर आणून गालाला लावल्यावर जो काही उरला तो. प, ब, म ही अक्षरं तुमच्या ओठांतून निसटून जायची. नव्या माणसाला तुमचं एक वाक्य समजायला तेच वाक्य दोनदा ऐकावं लागायचं. आणि तरी आमच्या वॉर्डात सगळ्यात जास्त बोललात ते तुम्हीच.

आपली पहिली ओळख काही चांगली नव्हती. तुम्ही पेशंट, मी वॉर्डाची सिस्टर. नाकात नळी, गळ्याला भोक, बोलणं बंद. हर्रास बोलणाऱ्या माणसाला गप्प राहणं जमेना. तुम्ही पलंगाच्या दांड्यावर चमचा आपटून मला बोलवायचे. मी एकदा रागानं चमचा काढून घेतला, तर तुम्ही पेला आपटायला लागलात. शेवटी टाके निघाले, रेडिएशनचे शेक संपले, तुम्ही गावाकडे गेलात. मी तुम्हाला विसरून गेले. खोटं कशाला बोलू.

आमच्या वॉर्डाचं एक आहे, भाऊ. जो बरा होतो तो परत दिसत नाही. तो खाली ओपीडीत तपासून घेतो आणि मागं न बघता गाडी पकडतो. त्याचं बरोबरच आहे, या जागेचा वासही त्याला नको असतो. जिना चढून वर आमच्याकडे येतो तो ज्याचा आजार उलटला तोच. त्यामुळे वर्षानुवर्षं वरच काम करणाऱ्या बाईला हळूहळू वाटायला लागतं की कुणी वाचतच नाही. डॉक्टर सांगायचे, अमका बरा झाला, तमका कामाला लागला. झाला असेल. मला दिसत नव्हता. मी ज्यांची जखम धुतली, ज्यांना नळीतून दूध दिलं, त्यांच्यातले मला पुन्हा दिसायचे ते फक्त मरायला आलेले.

मी ते काम सोडणार होते. अकोल्याला माझं माहेर. तिथं मुलींच्या एका होस्टेलवर रेक्टरची जागा होती, भावानं बोलणी करून ठेवली होती. दिवाळीनंतर जायचं, हे घरात ठरलेलं होतं. माझ्या नवऱ्यानं का म्हणून विचारलं नाही. ड्युटीवरून आल्यावर ताटावर मी न जेवता कशी बसायची ते तो रोज बघत होता.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग एका दुपारी तुम्ही जिना चढून वर आलात. तोंडाला दुपट्टा बांधलेला, हातात पिशवी. मी दारातच अडवलं. वर येण्याचा अर्थ मला एकच माहीत होता.

"काय झालं, देवरावभाऊ? गाठ लागते का हाताला?"

"काई नाई झालं. भेटाले आलो."

तुम्ही पुरुषांच्या खोलीत गेलात, मधोमध स्टूल ओढलं, दुपट्टा सोडला, डबा काढला आणि जेवायला बसलात. वरणात कुस्करलेली भाकर आणि घोटून मऊ केलेली वांग्याची भाजी. त्या खोलीत जेवढे होते तेवढ्यांच्या नाकात नळ्या होत्या. कुणाच्या ओठाला कित्येक दिवसांत पाणी लागलेलं नव्हतं. भाजीचा वास खोलीभर पसरला.

माझं डोकं फिरलं. "उठा तुम्ही. यांना घोट गिळता येत नाही आणि तुम्ही यांच्यासमोर भाकर खाता?"

तुम्ही हातानं मला थांबवलं. घास गिळायला तुम्हाला वेळ लागायचा. मान एका बाजूला कलती करायची, डोळे मिटायचे, मग तो खाली जायचा. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हनूनच त खाऊन राहिलो."

कोपऱ्यातला एक म्हातारा उठून बसला. त्याचंही तुमच्यासारखंच ऑपरेशन झालेलं होतं. तो तुमच्या तोंडाकडे बघत होता, डब्याकडे नाही. त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग तुमच्याकडे बोट केलं. तुम्हाला कळलं.

"हो बाबा. मले पन हेच होतं. नाकात नयी बी होती. लय दिवस लागले. पन उतरला घास."

म्हातारा तसाच बघत राहिला. तुमचा डबा संपेपर्यंत त्या खोलीत कुणी आडवं झालं नाही. जाताना तुम्ही खिशातून आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा काढला, दातांत उभा बसवून दाखवला. तोंड उघडायचा तो व्यायाम आमच्याकडे सगळ्यांना सांगतात. दुखतो म्हणून कुणी करत नाही. तुम्ही गेल्यावर म्हाताऱ्यानं माझ्याकडे काड्या मागितल्या.

त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, होस्टेलवाल्यांना जरा थांबायला सांग.

मग तुम्ही दर आठवड्याला यायला लागलात. बाजारात शेतातला माल टाकायचा आणि वर यायचं. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग गप्प बसले. मीही तुमच्याशी भांडायचं सोडलं. पण खरं भांडण अजून सुरूच व्हायचं होतं.

निलेश अकोल्याचा होता. जुन्या शहरात मोबाइल दुरुस्त करायचं दुकान, तिशीही गाठलेली नव्हती. जिभेचा कॅन्सर, ऑपरेशन नीट झालं, त्यानंतर ठरावीक मुदतीत शेक सुरू व्हायला पाहिजे होते. घरी जाऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. फोन बंद. मुदत सरत चालली होती. एकदा त्याच्या आईनं शेजारच्याच्या फोनवरून कळवलं की त्यानं नाकातली नळी ओढून काढली आहे आणि खोलीचं दार लावून बसला आहे. मी निघाले तेव्हा तुम्ही वॉर्डातच होता. "मी बी येतो," म्हणालात. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

घर सापडायला फार वेळ लागला नाही. आई अंगणात उभी होती. तिनं आतल्या दाराकडे हात केला. आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता. मी दार वाजवलं, समजावलं, रागावले. टीव्हीचा आवाज वाढला. आई म्हणाली, "कालपासून पानी नाई त्याच्या पोटात." मला तेव्हा खरी भीती वाटली. दार तोडायचं तर कुणाला बोलवायचं, आणि तोडल्यावर त्यानं काय केलं तर, हे सगळं मी मनात जुळवत होते.

तुम्ही दाराशी जाऊन खाली बसलात. पाठ दाराला लावली आणि बोलायला लागलात. मोठ्यानं नाही. टीव्हीचा आवाज कमी झाला, बहुतेक कोण बोलतंय ते त्याला कळेना म्हणून. मग आतून निलेश ओरडला. जीभ अर्धी, त्यात रडणं, मला एक शब्द कळला नाही. आईलाही नाही. तुम्ही त्याला उत्तर दिलंत. तो पुन्हा काहीतरी म्हणाला. तुम्ही पुन्हा उत्तर दिलंत. मी आणि त्याची आई एकमेकींकडे बघत उभ्या. दाराच्या दोन बाजूंना दोन माणसं बोलत होती, दोघांचंही बोलणं जगाला कळत नव्हतं आणि एकमेकांचं मात्र दोघांना कळत होतं.

कितीतरी वेळानं कडी निघाली. निलेश दारात उभा होता, डोळे खोल गेलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्हाला विचारलं, आणि ते मात्र मला कळलं.

"वाचीन का मी?"

मी तुमच्या दंडाला हात लावला. तुम्हाला गप्प करायला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाचशीन. माह्याकडे पाह्य. माहा शब्द हाय तुले."

आईनं बोलावलेल्या मामानं गाडी काढली आणि निलेशला व तिला घेऊन अमरावतीला पुढं निघाला. आपण दोघं एस.टी.नं परत निघालो. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, पण फार वेळ जमलं नाही.

"शब्द कशाच्या जोरावर दिला तुम्ही?"

"मंग काय म्हनू त्याले? मरशीन म्हनू?"

"असं कोण म्हणतंय? माहीत नाही म्हणा. जे खरं आहे ते म्हणा."

तुम्ही दुपट्ट्यानं ओठांच्या कडेची लाळ टिपली. "माहीत नाई म्हनल्यावर कोनी दार उघडते का, सिस्टर?"

मूर्तिजापूरला गाडी थांबली. तुम्ही चहा आणलात, तुमचा बशीत ओतून निववलात. माझा मी घेतला. बडनेरा आलं तेव्हा मी म्हटलं, "आणि तो गेला तर?" तुम्ही पुढच्या सीटचा दांडा धरून सरळ समोर बघत राहिलात.

निलेशनं शेक पुरे केले. गळा सोलून निघाला, तरी आला. पुढं त्यानं दुकान उघडलं आणि फोनवर तुम्हाला दुकानाचा फोटो पाठवला. तो तुम्ही वॉर्डात सगळ्यांना दाखवलात, मलाही. फोटो माझ्यासमोर मात्र जरा जास्त वेळ धरलात.

ते दिवस चांगले होते. तुम्हाला एक नवाच नाद लागला होता. बरे झालेले लोक तुम्ही हुडकून आणायला लागलात. ओपीडीच्या रांगेतून तुम्ही त्यांना दंडाला धरून वर घेऊन यायचे. परतवाड्याची एक शिवणकाम करणारी बाई आली. तिची जखम मी महिनाभर धुतली होती, आणि ती गेली असेल असं मी धरूनच चालले होते. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ओयखलं का, सिस्टर? तुमी मले रागावत होत्या, हात वर करत नाई म्हनून." तिनं हात वर करून दाखवला. मी साठवणीच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं आणि मग बाहेर आले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं जे करत होते त्याचं पुढं काहीतरी होत होतं. माझ्या पाठीमागं होत होतं. तुम्ही ते समोर आणून उभं केलंत. त्याच आठवड्यात मी भावाला होस्टेलचं नको म्हणून कळवलं.

मग निलेशच्या मानेत गाठ आली.

पुन्हा औषधं झाली, उपयोग झाला नाही. तो अकोल्यालाच वारला. तुम्हाला आणि मला एकाच दिवशी कळलं. तुम्ही त्या आठवड्यातही आलात, डबा घेऊन. आणि त्याच दिवशी त्याची आई त्याचे राहिलेले कागद न्यायला आली होती. व्हरांड्यात तुमची गाठ पडली. मी तिथंच होते.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तुमच्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी शब्द देल्ला होता."

ती बाकावर बसली, पदर तोंडाला लावला. तुम्ही डब्याची पिशवी हातात तशीच घेऊन जिना उतरून गेलात. मी हाक मारली, तुम्ही थांबला नाहीत.

त्यानंतर तुम्ही येईनात. खोलीतले लोक विचारायचे. मी म्हणायची, शेतीचं काम असेल. मला तुमचा रागही येत होता आणि माझं खरं ठरलं याचा आनंद मुळीच होत नव्हता. एका रविवारी मी भातकुलीची गाडी धरली आणि तिथून तुमच्या गावी आले. कांतावहिनींनी शेताकडे बोट दाखवलं. "मानूस घरात बोलत नाई," म्हणाल्या, "तुमीच पाहा."

तुम्ही वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून फावडं ठेवलं नाहीत.

"मले नोका बोलावू, सिस्टर."

"मी बोलवायला नाही आले. मला पाणी पाजा आधी."

पाणी पाजलंत. मग शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून तुम्हीच बोललात. हर्रासात तोंडातून शब्द गेला की गेला. माल सडका निघाला तरी फिरवता येत नाही. सारी जिंदगी तुम्ही कुणाला दिलेला शब्द पडू दिला नव्हता. "आनि पडला त थो कोनाचा पडला," म्हणालात. "पोट्ट्याचा."

मी तुम्हाला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ती आई माझ्याजवळ बराच वेळ बसली होती. निलेशचं बोलणं शेवटी शेवटी तिला कळायला लागलं होतं. दुकानातून आल्यावर तो तिला दिवसभराचं सांगायचा. आधी कधी सांगत नव्हता, असं म्हणाली. ते दिवस मिळायला नको होते, असं ती म्हणाली नाही.

"थे तिनं तुमाले सांगतलं," तुम्ही म्हणालात. "मले नाई."

"बरोबर आहे."

"मंग?"

"मग तुम्ही या. जेवा. काड्या दाखवा. फक्त शब्द देऊ नका. कुणी विचारलं तर सांगा, मले मालूम नाई."

तुम्ही ओल्या मातीचं ढेकूळ हातानं फोडलंत. "तुमचं खरं हाय, सिस्टर. पन कोरडं हाय."

तुम्ही परत आलात. शब्द दिला नाहीत. कुणी विचारलं की 'मले मालूम नाई' म्हणायचे आणि लगेच माझ्याकडे बघायचे, जणू मी परीक्षा घेतेय. काही लोकांचा चेहरा पडायचा. तुम्हाला तो बघवायचा नाही. आपलं भांडण मिटलं नव्हतं. तुम्ही फक्त माझ्यासाठी गप्प बसला होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला अजूनही तुमचा राग येतो.

या उन्हाळ्यात तुम्ही दुपट्टा सोडेनासे झालात. डबा उघडायचा, घास कालवायचा, एखादा तोंडाशी न्यायचा आणि बोलण्यात वेळ काढायचा. घरी परत जाणारा डबा जड असायचा. मी विचारलं तर म्हणायचे, दाढ दुखून राहिली. मी म्हटलं तोंड दाखवा, तर म्हणालात पुढच्या वेळी. पुढच्या वेळी तुम्ही मी जेवायला गेल्यावर आलात आणि मी यायच्या आत गेलात. दोन आठवडे तुम्ही मला असंच चुकवलंत. तिसऱ्यांदा मी जेवायला गेलेच नाही. ड्रेसिंगच्या खोलीत तुम्हाला घेतलं आणि दार लावलं.

"उघडा तोंड."

"सिस्टर..."

"देवरावभाऊ, उघडा."

तुम्ही उघडलंत. दोन काड्यांपुरतंही उघडत नव्हतं. मी बॅटरी लावली. जुन्या जखमेच्या कडेला जे होतं ते बघायला बॅटरीची गरज नव्हती. मला वासानंच कळलं होतं. मी बॅटरी विझवली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"कधीपासून?"

तुम्ही दुपट्टा बांधायला लागलात.

"कधीपासून, विचारते मी. कावून लपवलं?"

मी आयुष्यात कुठल्या पेशंटशी त्या आवाजात बोलले नव्हते. तुम्ही शांत होता. म्हणालात, "थो विजय अर्धा शेक घेऊन राहिला. रोज जातो जातो म्हनते. मी पेशंट झालो त त्याले कोन थांबवन?"

विजय परतवाड्याचा. सेमाडोहच्या रस्त्यावर जीप चालवणारा, घाबरट, रोज पिशवी भरून बसलेला. तो टिकला होता तो तुमच्या भरवशावर, हे मलाही दिसत होतं. पण म्हणून तुम्ही जखम वाढू दिलीत. ज्यांना तुम्ही दर आठवड्याला सांगत होता की तोंडात काही दिसलं तर त्याच दिवशी या, त्यांच्यासमोर बसून वाढू दिलीत. मी सर्जनना विचारलं, आधी आले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित. मला ते 'कदाचित' अजून गिळता आलेलं नाही. तुम्हाला मी तसं बोलले. तुम्ही म्हणालात, "आता तुमालेच मालूम नाई, सिस्टर. पाहा कसं लागते." आणि हसलात. मी हसले नाही.

तुम्ही त्याच खोलीत भरती झालात. विजयचा पलंग समोरच. त्यानं तुम्हाला पेशंटच्या कपड्यात पाहिलं, तुमच्या नाकात नळी पाहिली, आणि पिशवी भरायला घेतली. मला माहीत होतं हे होणार. तुमची भीती खरी होती, हे मला मान्य करावंच लागेल. मी दारात उभी राहिले. अडवायचं कसं, धरून ठेवायचं का, काय सांगायचं, माझ्याजवळ काही नव्हतं. त्याचा एक पाय बाहेर होता.

तुम्ही चमचा उचललात आणि दांड्यावर आपटलात. विजय थांबला. तुम्ही त्याला हातानं जवळ बोलावलं. तो आला, पिशवी खांद्यावर ठेवूनच. तुमचा आवाज तोवर फारच गेला होता. त्याला वाकून कान तुमच्या तोंडाजवळ न्यावा लागला. मी जवळ उभी होते म्हणून ऐकलं.

"माह्यावाला परत आला. तुह्यावाला येईनच असं काई नाई."

"कशावरून?" विजय म्हणाला.

"मले मालूम नाई," तुम्ही म्हणालात. आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याचा हात धरून ठेवलात, बस. तो पलंगाच्या कडेला बसला. पिशवी खांद्यावरून घसरून खाली आली, त्यानं ती उचलली नाही. दुसऱ्या दिवशी शेकाच्या रांगेत तो उभा होता.

तुम्हाला घरी जायचं होतं. पुढची औषधं नको म्हणालात. त्यावरही मी भांडले आणि हरले. गाडीत बसवताना मला वाटलं होतं, होस्टेलचं आता सांगावं. दिवाळीनंतर निघणार होते, तुमच्या डब्यापायी राहिले, एवढंच वाक्य होतं. पण कांतावहिनी उशी नीट करत होत्या, ड्रायव्हर घाई करत होता, आणि मी तुम्हाला नळीतून औषध कसं द्यायचं तेच दोनदा सांगत बसले. तुम्ही मान हलवत होता. तुम्ही गेलात त्या सकाळी मी ड्युटीवर होते, एकाची नळी बदलत होते. फोन नंतर पाहिला.

म्हणून आता सांगते. मी राहिले, भाऊ. तुमच्यामुळे राहिले. आणि तुम्ही लपवलंत त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि माझं त्यांच्यापुढं काही चालत नाही.

मागच्या आठवड्यात दर्यापूरकडची एक बाई भरती झाली. गालाचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी. तिनं दुपारपासून कुणाशी बोलणं टाकलं होतं, सलाईन लावू देईना, नवरा हात जोडून थकला होता. विजय तपासणीला आला होता आणि तपासून झाल्यावर, तुम्ही लोकांना आणायचे तसा, पण कुणी न आणता, जिना चढून वर आला. त्याचं वजन वाढलंय. जीप पुन्हा चालवतो. मी त्याला त्या बाईच्या खोलीत नेलं. तिनं त्याच्या मानेवरचा डाग पाहिला, चेहरा पाहिला, आणि दुपारपासूनचं पहिलं वाक्य बोलली.

"भाऊ, वाचीन का मी?"

विजयनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगू शकले असते. मान हलवली असती तरी त्याला कळलं असतं. माझ्या हातात ट्रॉली होती. मी ती वळवली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. थोड्या वेळानं आतून त्या बाईनंच हाक मारली आणि हात पुढं करून म्हणाली, "लावा, सिस्टर."